गच्चीवर आणखी एक कोबा टाकण्याआधी : हलके काँक्रीट आणि आपल्या आसपासचा माल

उन्हाळा लागला की आपल्या मोहल्ल्यांत दोन कामे हमखास निघतात. एक, गळक्या गच्चीची दुरुस्ती. दुसरे, घरावर किंवा मदरशावर एखादी खोली चढवणे. पावसाआधी काम उरकायचे असते. हातात चंद्याचे किंवा आखातातून मुलाने पाठवलेले पैसे असतात. मिस्त्री ओळखीचा असतो. "वरून एक कोबा टाकून देतो, दहा वर्षं बघायला नको," असं तो म्हणतो आणि काम सुरू होतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका मदरशाची गच्ची उकरली, तेव्हा आम्ही तिथे उभे होतो. वरची फरशी निघाली, खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो फोडला तर त्याखाली दुसरा कोबा. त्याखाली तिसरा. दर वेळी गळती लागली की जुना न काढता त्यावरच नवा थर टाकला गेला होता. टेप लावून मोजलं, तर भरणा अकरा इंच. स्लॅब मात्र पाच इंचाचा. स्वतःच्या दुपटीहून जाड ओझं अंगावर घेऊन तो स्लॅब उभा होता, आणि त्याखाली रोज मुलं हिफ्ज करत बसत होती.

हा लेख त्या ओझ्याबद्दल आहे. ते कसं मोजायचं, ते हलकं करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यात मिळणारा कोणता माल कामी येतो, आणि हलका माल कुठे अजिबात वापरायचा नाही, हे आम्ही सोप्या भाषेत सांगणार आहोत.

आधी ओझ्याचा हिशेब

साधे काँक्रीट एक घनमीटरला साधारण २४०० किलो भरते. सळई धरली तर २५०० किलो. विटांच्या तुकड्यांचा कोबा १८०० ते २००० किलोच्या आसपास. भाजलेल्या विटांची भिंतही तितकीच जड.

आता मदरशाची गच्ची घ्या. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. त्यावर अकरा इंच भरणा म्हणजे साडेपंधरा घनमीटर माल. १९०० किलोने गुणा. जवळपास तीस टन होतात! दहा टनांचे तीन ट्रक छपरावर उभे करून ठेवल्यासारखेच झाले. त्यात गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असेल तर भरल्यावर ती आणखी एक टन.

स्लॅब, बीम आणि कॉलम ठरावीक वजन धरून काढलेले असतात. आपल्या देशातल्या आयएस ८७५ या मानकात वापराप्रमाणे माणसे आणि सामान यांचे किती वजन धरायचे ते दिले आहे. राहत्या घराच्या खोलीला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो, शाळेच्या वर्गाला ३००, आणि जिथे खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नाहीत आणि माणसे दाटीने जमतात अशा सभागृहाला ५०० किलो. नमाजची जागा या शेवटच्या प्रकारात मोडते. म्हणजे राहत्या घराचा वरचा मजला रमजानमध्ये तरावीहसाठी उघडला, तर त्या स्लॅबकडून आपण अडीचपट कामाची अपेक्षा करतो. ही गोष्ट नेक कामाच्या भरात सहज विसरली जाते.

किल्लारीने शिकवलेले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. त्यातली बरीचशी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची होती. माळवद गळू लागले की वर्षा-दोन वर्षांनी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, ही जुनी पद्धत. थरावर थर चढत गेले, छप्पर जड होत गेले, आणि जमीन हलली तेव्हा ते सगळे अंगावर आले.

आज माळवदाची घरे कमी झाली. पण गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकणारे आपण तेच करतो आहोत. फरक एवढाच की मातीच्या जागी सिमेंट आले. भूकंपात इमारतीला बसणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. इमारत जेवढी जड, तेवढा धक्का मोठा. आणि भूकंप न होताही इमारती पडतात. २०१३ साली मुंब्र्याजवळ शीळ भागात लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ जीव गेले. २०१७ साली भेंडी बाजाराजवळची हुसैनी इमारत, २०२० साली महाडची तारिक गार्डन आणि भिवंडीची जिलानी बिल्डिंग. प्रत्येकीची कारणे वेगळी, पण या बातम्या आपल्याच वस्त्यांच्या होत्या हे विसरून चालणार नाही.

हलके काँक्रीट म्हणजे नेमके काय?

काँक्रीट हलके करायचे तर त्यात हवा भरायची, एवढीच गोष्ट आहे. हवा तीन प्रकारे भरता येते.

पहिला प्रकार : खडीच्या जागी हलकी, सच्छिद्र खडी घालायची. रोममधल्या पँथिऑनचा घुमट सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा व्यास ४३ मीटर आहे. त्या कारागिरांनी खालच्या भागात जड दगड वापरला आणि घुमटाच्या माथ्याकडे प्यूमिस नावाचा ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड वापरला. खाली जड, वर हलके. सळई नसलेला तो घुमट अजून उभा आहे. आपला सह्याद्रीचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो घट्ट आणि चांगलाच जड. त्यामुळे आपल्याला हलकी खडी दुसरीकडून शोधावी लागते.

दुसरा प्रकार : सिमेंटच्या पातळ मालात फेस मिसळायचा. यालाच फोम काँक्रीट म्हणतात. याच मालाचे साच्यात घातलेले ब्लॉक म्हणजे सीएलसी ब्लॉक.

तिसरा प्रकार : मालात ॲल्युमिनियमची भुकटी घालून वायू तयार करायचा, मग तो माल दाबाच्या वाफेत शिजवायचा. ही एएसी ब्लॉकची पद्धत. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये ती निघाली. यासाठी कारखानाच लागतो. घरी किंवा साइटवर हे करता येत नाही, करू पाहू नये. ब्लॉक तयार विकत घ्यावेत.

आपल्या आसपास काय मिळते?

मस्जिदे नबवी पहिल्यांदा बांधली गेली तेव्हा कच्च्या विटा, खजुराचे बुंधे आणि खजुराच्या झावळ्या वापरल्या गेल्या. मदिन्यात जे होते ते. आपणही आधी आपल्या जिल्ह्यात काय आहे ते पाहू.

*फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख).* औष्णिक वीज केंद्रांजवळ ही मुबलक आहे. नाशिकजवळ एकलहरे, भुसावळजवळ दीपनगर, विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि पारस, मराठवाड्यात परळी. ही राख बांधकामात वापरली जावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून नियम केले आहेत. फोम काँक्रीटमध्ये ही रेतीची जागा घेते आणि काही प्रमाणात सिमेंटचीही. चिमणीच्या गाळणीत पकडलेली कोरडी, पिठासारखी राख घ्यायची. तलावात साठवलेली ओली, भरड राख या कामाची नाही.

*सिंडर (बॉयलरची खडबडीत राख).* मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या यंत्रमागाच्या गावांत सायझिंग आणि प्रोसेसचे बॉयलर चालतात. दगडी कोळसा जळून उरलेले सच्छिद्र खडे म्हणजे सिंडर. भरण्यासाठी हे चांगले. पण दोन अटी आहेत. न जळलेला कोळसा राहिलेला नको, कारण तो पुढे फुगतो. आणि सिंडरमध्ये गंधक असते, ते सळई गंजवते. म्हणून सिंडरचा माल सळईला कधीही लागू द्यायचा नाही. ज्या बॉयलरमध्ये प्लास्टिक किंवा रबर जाळतात तिथली राख फुकट मिळाली तरी घेऊ नका.

*भाताच्या तुसाची राख.* भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि कोकणात भात गिरण्या आहेत. नीट, बेताच्या आचेवर जळलेल्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती बारीक दळली तर सिमेंटचा काही भाग वाचवते. रंग राखाडी किंवा पांढरट हवा. काळी कुळकुळीत राख म्हणजे कोळसा उरलेला, ती पाणी फार पिते.

*उसाच्या चिपाडाची राख.* पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांतून निघते. चाळून आणि दळून वापरली तर उपयोगी. तशीच ओतली तर उपयोग शून्य.

*नारळाच्या करवंट्या.* रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनाऱ्यावर. फोडून अर्ध्या इंचाचे तुकडे केले की खडीची जागा घेतात. यावर आपल्या देशात भरपूर प्रयोग झाले आहेत, कृती पुढे देतो.

*विटांचे तुकडे, जुनी कौले.* हे तर प्रत्येक गावात. खडीपेक्षा हलके, पण फार हलके नाहीत.

*थर्माकोलचे दाणे.* पॅकिंगच्या कचऱ्यातून मिळतात. वजनाला काहीच नाहीत, पण मालात तरंगून वर येतात आणि आगीत विषारी धूर देतात. म्हणून फक्त गच्चीच्या भरण्यात, वर-खाली काँक्रीटने पूर्ण झाकलेले असतील तेव्हाच.

*लाकडाचा भुसा.* याबद्दल पुष्कळ लोक विचारतात. लाकडातली साखर सिमेंटला जमू देत नाही. चुन्याच्या निवळीत भिजवून, धुऊन वापरावा लागतो आणि नंतर ओलीने फुगतो. आमचा सल्ला : सोडून द्या.

गच्चीचा भरणा फोम काँक्रीटने

गच्चीचा उतार काढण्यासाठी जो भरणा लागतो त्यावर कोणी भार टाकत नाही. म्हणून हलके काँक्रीट वापरायला ही सगळ्यात योग्य जागा. क्रम असा ठेवा.

१) जुना भरणा आधी काढा. सगळा. फोडताना मोठा हातोडा किंवा ब्रेकर मशीन स्लॅबवर मारू नका, छिन्नीने उकला. निघालेला राबीट एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, लगेच गोणीत भरून खाली उतरवा. ढिगाखालचा स्लॅब तिथेच बसू शकतो.

२) स्लॅब उघडा पडला की इंजिनिअरला दाखवा. सळई गंजून फुगली असेल, खालून पोपडे सुटले असतील, तर दुरुस्ती आधी. भरण्याने ते झाकायचे नाही.

३) स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा लेप द्या. पाणी साठवून पाहायचे असेल तर लक्षात ठेवा, दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. कमजोर स्लॅबवर इंजिनिअरच्या परवानगीशिवाय पाणी उभे करू नका.

४) आता माल. हजार किलो घनतेच्या एका घनमीटर ओल्या मालाला साधारण इतके लागते :

सिमेंट : ३२० किलो (सुमारे साडेसहा पोती)
फ्लाय ॲश : ३८० किलो
पाणी : ३०० लिटर
फेस : ४०० ते ४२५ लिटर

आधी सिमेंट, राख आणि पाणी मिक्सरमध्ये गुठळी न राहील असे घोटायचे. फेस वेगळ्या मशीनमध्ये तयार होतो. तो शेवटी घालायचा आणि पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंतच फिरवायचे. जास्त फिरवले तर फेस मरतो.

कपड्याची पावडर किंवा शाम्पूचा फेस चालेल का, असं विचारलं जातं. चालत नाही. तो फेस सिमेंटच्या ओझ्याखाली बसतो आणि माल जड होऊन आटतो. बांधकामाचाच फोमिंग एजंट घ्या. फेस बादलीत भरून बादली उलटी करा. पडला नाही आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच राहिला तर फेस बरोबर.

फोमिंग एजंट दोन प्रकारचे असतात. सिंथेटिक आणि प्रथिनाचे. प्रथिनाचा फोम बहुधा जनावरांची शिंगे, खुरे अशा अवशेषांपासून काढतात. मस्जिदीच्या कामात कोणाच्या मनात शंका येत असेल तर वाद घालत बसू नये. सिंथेटिक मागावा, विक्रेत्याकडून तसे लिहून घ्यावे, आणि मसल्याचे उत्तर उलेमांकडून घ्यावे.

५) घनता साइटवरच तपासा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बादली घ्या, तिच्यात नेमके दहा लिटर पाणी मोजून खूण करा. मग खुणेपर्यंत माल भरून वजन करा, बादलीचे वजन वजा करा. माल दहा किलो भरला तर घनता हजार. बारा किलो भरला तर बाराशे, म्हणजे फेस मेला आहे. सात किलो भरला तर फेस जास्त झाला, माल ठिसूळ होईल. प्रत्येक खेपेला हे करायचे. ठेकेदाराला हे आवडणार नाही, तरी करा.

६) उतार दहा फुटाला सव्वा इंच ठेवा, तोंड पाणी जाण्याच्या नळाकडे. माल पातळ असतो, आपोआप पसरतो. ठोकू नका, व्हायब्रेटर तर मुळीच लावू नका.

७) पहिले आठ दिवस ओले गोणपाट टाकून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात हे चुकले तर भेगा नक्की.

८) वर दीड इंचाचा सिमेंट-रेतीचा थर आणि शक्यतो पांढऱ्या चायना टुकडीची फरशी. फोम काँक्रीट पाणी पिते, म्हणून ते उघडे ठेवायचेच नाही. पांढऱ्या रंगाने ऊन परत जाते तो वेगळा फायदा.

मदरशाच्या गच्चीचे गणित असे झाले : चार इंच फोम काँक्रीट सुमारे पाच टन, वरचा थर साडेचार टन, फरशी एक टन. तीस टनांच्या जागी साडेदहा टन. दुसरा फायदा मुलांनी आधी ओळखला. फोम काँक्रीटमधून उष्णता साध्या काँक्रीटच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच जाते. दुपारी छताखाली बसवत नव्हते, आता बसवते.

करवंटीचे काँक्रीट

कोकणातल्या वाचकांसाठी हे खास. करवंटीचा काथ्या पूर्ण काढा, फोडून तुकडे करा, आणि २४ तास पाण्यात भिजवा. नंतर वरचे पाणी निथळू द्या, पण तुकडे आतून ओले राहिले पाहिजेत. कोरडी करवंटी घातली तर ती सिमेंटचे पाणी पिऊन टाकते.

एका पोत्याला (५० किलो) साधारण ७५ किलो रेती, ३२ किलो करवंटी आणि २१ लिटर पाणी. यातून सुमारे ९५ लिटर माल निघतो. वजन घनमीटरला १९०० किलोच्या आत येते. म्हणजे साध्या काँक्रीटपेक्षा पाचवा हिस्सा हलके. नीट केले तर ताकद चांगली येते. पण हिशेब करा : एका घनमीटरला दहा पोत्यांहून जास्त सिमेंट लागते. खडी फुकट मिळाली तरी सिमेंट वाढले. म्हणून हे स्वस्त काँक्रीट नाही. कंपाउंडचे ब्लॉक, पायवाटेच्या लाद्या, खिडकीखालचे पडदी काम यासाठी वापरून पाहा, घराच्या स्लॅबला नको.

सिंडरचा वापर त्याहून साधा. संडास-बाथरूमचा खोलगट भाग भरताना आपल्याकडे दगड-विटांचा राबीट कोंबतात. त्याजागी धुतलेले, काही आठवडे पावसात-उन्हात ठेवलेले सिंडर थोड्या सिमेंटबरोबर भरले तर ओझे बरेच कमी होते. मात्र आधी खालचे वॉटरप्रूफिंग पक्के हवे आणि लोखंडी पाइप त्यातून नेऊ नये.

जुनी कौले फेकू नका

नवा स्लॅब टाकणार असाल तर आणखी एक युक्ती आहे. स्लॅब वाकतो तेव्हा त्याच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथल्या बऱ्याचशा काँक्रीटचे काम फक्त सळईला धरून ठेवण्याचे. मग सळयांच्या चौकटींमध्ये दोन-दोन मंगलोरी कौले एकावर एक ठेवून वरून काँक्रीट ओतले, तर तेवढे काँक्रीट वाचते. याला फिलर स्लॅब म्हणतात. केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत घराघरांत नेली. कोकणात घरावरची कौले उतरवून स्लॅब टाकण्याची लाट आहे. ती कौले रस्त्याकडेला टाकण्यापेक्षा त्याच घराच्या स्लॅबमध्ये जाऊ शकतात. पण सळयांची आखणी बदलते, म्हणून हे इंजिनिअरच्या नकाशावरच करायचे, मिस्त्रीच्या अंदाजावर नाही.

कुठे वापरायचे नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून स्पष्ट लिहितो.

हजार घनतेच्या फोम काँक्रीटची ताकद दर चौरस मिलिमीटरला तीन न्यूटनच्या आसपास असते. आपण स्लॅबला जे एम-२० काँक्रीट वापरतो त्याची २०. म्हणजे सहापटींहून जास्त फरक. कॉलम, बीम, स्लॅब, जिना, पाया, बाल्कनी, पाण्याच्या टाकीखालचा चौथरा, यांपैकी कशातही हा माल घालायचा नाही. जगात हलक्या काँक्रीटचे पूल आणि उंच इमारती आहेत, पण तिथे कारखान्यात भाजलेली खास खडी आणि प्रत्येक टप्प्यावर चाचणी असते. ते काम तगारी-फावड्याचे नाही.

भिंतींसाठी एएसी किंवा सीएलसी ब्लॉक घ्या. दहा फूट बाय दहा फूट, सहा इंची विटांची भिंत प्लास्टर सोडून अडीच टन भरते. एएसीची एक टनाच्या आत. पण अशा ब्लॉकवर जड कपाट, गिझर किंवा पंपाचा पाइप ठोकायचा असेल तर खास प्लग लागतात. साधा खिळा सुटतो. ब्लॉक घेताना बिलावर आयएस २१८५ चा उल्लेख पाहा. फोमच्या ब्लॉकसाठी त्याचा भाग ४, एएसीसाठी भाग ३. उन्हात वाळवून आठ दिवसांत विकलेले ब्लॉक घेऊ नका, त्यांना किमान २८ दिवस मिळायला हवेत.

आणि मजुरांचा विचार करा. कोरडी राख आणि सिमेंट छातीत जाते, ओले सिमेंट हात जाळते. मास्क आणि रबरी हातमोजे ठेकेदाराने दिले नाहीत तर आपण द्यावेत. सवाबाच्या कामात कोणाची फुप्फुसे खराब होऊ नयेत.

खर्च आणि एक सूचना

फोम काँक्रीट कोब्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. राख स्वस्त असते, पण वाहतूक महाग. वीज केंद्र जवळ असेल तर परवडते, लांब असेल तर नाही. मशीनचे भाडे दिवसाचे असते, एका छोट्या गच्चीसाठी ते अंगावर येते. म्हणून आमची सूचना : एका गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून मशीन बोलवावी, एका पाठोपाठ एक गच्च्या कराव्यात. भाडे वाटले जाते, बादलीची चाचणीही एकमेकांच्या नजरेसमोर होते. कन्नी-बोळ सांभाळणारे मोहल्ल्यातले तरुण मिस्त्री हे काम दोन-तीन गच्च्यांत शिकतात आणि त्यांच्या हाताला नवा रोजगार येतो.

मस्जिद-मदरशाच्या कमिट्यांना वेगळे सांगणे आहे. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे तिचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते टाळू नका. वक्फमध्ये नोंद असलेली जागा असेल तर वक्फ मंडळाची परवानगीही लागते. चंदा गोळा करताना मिनार आणि संगमरवर यांसाठी खिसे पटकन उघडतात, इंजिनिअरच्या फीसाठी कोणी पावती फाडत नाही. यंदा उलटे करून पाहा. ऑडिटची फी आधी, रंगरंगोटी नंतर. लोकांनी दिलेला पैसा अमानत आहे, आणि छताखाली बसणारी माणसे त्याहून मोठी अमानत.

मदरशाचे काम संपल्यावर कमिटीतल्या एका बुजुर्गांनी विचारले, "वीस टन ओझं उतरलं ना? मग आता वर एक खोली बसेल की!" इंजिनिअर हसले नाहीत. म्हणाले, "चाचा, हे ओझं या छतावर कधी असायलाच नको होतं. उतरवलं म्हणजे हिशेब बरोबर झाला, शिल्लक काही राहिली नाही."

खोली बांधली नाही. मुले त्याच छताखाली बसतात. पाऊस लागण्याआधी आपल्या गच्चीचा एक कोपरा तुम्हीही उकरून पाहा, आणि किती कोबे निघतात ते मोजा.